टीव्हीची पाठ

आमच्या माहेरच्या घरात टीव्ही माजघराच्या खिडकीखाली ठेवलेला होता. दुसरीकडे कुठं तो ठेवताच येत नाही अशी सगळ्यांची पक्की समजूत होती, कारण अँटेनाची तार त्या खिडकीतून आत यायची. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, माळवदावर लोखंडी पाइपाला अँटेना बांधली होती आणि तार भिंतीवरून खाली सोडून खिडकीच्या गजांमधून आत घेतली होती. ती जेमतेम पुरायची. त्यामुळे टीव्हीची पाठ खिडकीला आणि तोंड घराला. खिडकीच्या बाहेर पडवी. पडवीच्या एका कोपऱ्यात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग, दुसऱ्या कोपऱ्यात एक जुनं बारदान, जर्मनचं ताट आणि तांब्या. घरातल्या ज्या बाईला कावळा शिवला असेल तिचं ते ताट आणि तिचीच ती जागा. तिनं माजघरात यायचं नाही, कारण तिथं देव्हारा होता आणि देव्हाऱ्यासमोर आत्या होती. आत्या आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, तरुणपणीच विधवा होऊन आमच्याकडं राहिलेली. देवानं एखाद्या वेळी काणाडोळा केला असता, आत्यानं केला नसता.

हे सगळं आधी सांगते आहे, कारण पुढचं जे झालं ते त्या तारेमुळं आणि त्या बारदानामुळं झालं.

ज्या पिक्चरची ही गोष्ट, ते मी अर्धं पाहिलं ते नांदेडला. वहिनी तेव्हा नवीन होती आणि तिची दाढ दुखत होती. नव्या जोडप्याला एकटं शहरात पाठवायचं नाही, सोबत नणंद द्यायची, अशी आमच्याकडची रीत. म्हणून मी गेले. माझी शाळा चौथीनंतर सुटली होती, पुढची शाळा हदगावला होती आणि पोरीला रोज एवढ्या लांब कोण पाठवणार, त्यामुळे असं कुठं पाठवायला मी घरात कधीही मोकळीच होते. डॉक्टरनं दाढ काढली, कापूस कोंबला आणि दादा म्हणाला, बसला अजून वेळ आहे, पिक्चर बघू, आईला सांगायचं नाही. जवळच्या टॉकीजला एक हिंदी पिक्चर लागलं होतं. त्यात गाणी नव्हती, म्हणून ते पडलं होतं आणि आत माणसं कमी होती. त्याचं नाव मोठं आणि अवघड होतं, आमच्या घरात ते कोणी कधी घेतलं नाही. सगळे त्याला यानाचं पिक्चर म्हणायचे.

त्यात एक बाई होती. शिकलेली, केस आखूड कापलेली, पण घरात साधीच वागायची. तिला एक लहान मुलगी आणि म्हातारी आई. ती रोज संध्याकाळी कामावरून यायची आणि दारावर तीन वेळा टकटक करायची. ती तीन वेळची टकटक ऐकली की मुलगी हातातलं टाकून पळत यायची, पाटावर चढायची आणि वरची कडी काढायची. मग त्या बाईला यानात बसवून फार लांबच्या एका ताऱ्याकडं पाठवायचं ठरतं, कारण तिकडून कसलातरी आवाज येत असतो आणि तो समजणारी ती एकटीच असते. कोणीतरी तिला सांगतं की तिथं तुझे थोडेच दिवस जातील, पण इकडं वर्षांमागून वर्षं निघून जातील. ती मुलीला सांगते, कितीही उशीर झाला तरी मी तीनदाच वाजवीन, तू ओळख. मग यानाचं जाड दार लागतं. बाई आतून त्या दारावर तीनदा टकटक करते. बाहेर यंत्रांचा एवढा आवाज असतो की कोणालाच ऐकू येत नाही. तेवढ्यात मध्यांतर झालं.

दिवे लागले आणि दादानं घड्याळ बघितलं. "चला, उठा. बस चुकली म्हणजे रात्रभर स्टँडवर बसावं लागंल." वहिनी गालाला रुमाल लावून उठली. मी बसूनच होते. माझा स्वभाव असा की मनातला शब्द तोंडात यायला वेळ लागतो, आणि तोवर समोरचं माणूस चार पावलं पुढं गेलेलं असतं. मी उठले. बसमध्ये मी वहिनीच्या कानात विचारलं, "ती परत येत असंल का?"

"कोण?"

"ती बाई. आणि आली तर कडी कोण काढत असंल?"

"कमे, तोंडात कापूस हाय माझ्या. बोलायला लावू नको."

त्यानंतर दोन-तीन वर्षं मी त्या पिक्चरचा शेवट स्वतःच करत राहिले. कापूस वेचताना करायचे, भाकरी थापताना करायचे. कधी मुलगी म्हातारी झालेली असायची आणि तिला पाटाची गरज नसायची. कधी घर पाडून तिथं दुसरंच काही बांधलेलं असायचं. कधी बाई दारापर्यंत यायची, वाजवायची आणि आतून कोणीतरी परकंच विचारायचं, कोण पाहिजे? एकही शेवट मला पटायचा नाही. तो माझा नव्हता ना. कोणीतरी तो आधीच करून ठेवला होता, लोकांनी तो बघितला होता आणि मला तेवढाच पाहिजे होता.

मग माझी सोयरीक जमली, लातूरला. घरात डाळी-कुरडयांची गडबड सुरू झाली. त्याच दिवसांत दादा हदगावच्या बाजाराहून आला आणि हातपाय धुताधुता म्हणाला, "कमे, तुझं यानाचं पिक्चर व्हिडिओवर आलंय. थेटरात पडलं, पण आता कॅसेटवर लई चालून राहिलंय म्हणे. पोरं पुन्हा पुन्हा नेतात." मी चूल फुंकत होते. मला वाटलं धूर डोळ्यांत गेला. दादा पुढं म्हणाला, "लग्नाच्या आधी तुला ते दाखवतो. सासरी कोण दाखवणार हाय तुला?" दादा असं सहज बोलून जायचा. मी मात्र ते बोलणं गाठीला बांधून ठेवलं. बस्ता झाला, मुहूर्त धरला, माझ्या डोक्यात एकच होतं, व्हिडिओ कधी येतो. हदगावच्या व्हिडिओच्या दुकानात यंत्र एकच आणि गावोगावची गिऱ्हाइकं, त्यामुळे नंबर लावावा लागायचा.

नंबर लागला तेव्हा मी पडवीत बसलेली होते.

दादा दुपारी गोधडीत गुंडाळलेलं यंत्र पोटाशी धरून बसमधून उतरला, तान्हं लेकरू आणावं तसं. मी वहिनीला खिडकीतून म्हटलं, "दादाला म्हणा ना, उद्या आणा. उद्या मी घरात असंन."

"आज न्हाई घेतलं तर पुन्हा नंबर तुझ्या लग्नानंतर येतोय. तवा काय उपयोग?" वहिनी म्हणाली. तिला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. पण वाईट वाटून तिच्या हातात काय होतं?

अर्धी गल्ली घरात आली. दारं लावली, दारावर घोंगडी टांगली, अंधार केला. दुकानदारानं दाखवलं होतं तसं दादानं अँटेनाची तार यंत्रात खोचली आणि यंत्राची तार टीव्हीत. आईनं सगळ्यांसाठी मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. शेंगदाणे आणि हिरव्या मिरचीचा खमंग वास पडवीपर्यंत आला. माझ्या ताटात तिनं तो वरून, हात न लावता टाकला आणि हळूच म्हणाली, "ऐक बसून. ऐकायला काय जातं?"

मी उभी राहिले. गज धरले. समोर टीव्हीची काळी पाठ, तिच्यावर बारीक भोकं, भोकांतून गरम हवा आणि जळक्या धुळीचा वास. टीव्हीच्या पलीकडं सगळ्या घराची तोंडं माझ्याकडं, आणि त्यांतलं एकही माझ्याकडं बघत नव्हतं. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांत मोठ्यानं बोलले. म्हटलं, "दादा, टीव्ही जरा फिरव की. खिडकीकडं नको, नुसता आडवा कर. मला कडेनं दिसंल."

"तार पुरत न्हाई, कमे."

शेजारची काशाबाई लेकराला मांडीवर घेऊन पुढंच बसली होती. ती म्हणाली, "नवरी बाहेरून हुकूम सोडून राहिली बगा. सासरी बी असंच करशील का माय?"

सगळे हसले. आत्या हसली नाही. माळ ओढत म्हणाली, "चार दिवस न्हाई दिसलं तर डोळे जाणार हायत का तिचे?"

पुढं बोलायला माझ्याकडं जेवढा धीर होता तेवढा माझ्या त्या एका वाक्यात संपला होता.

पहिला अर्धा भाग मला आवाजावरून कळत गेला. आता ती घरी आली, आता मुलगी पाटावर चढली, आता आजी रागावली. यानाचं दार लागलं तेही कळलं. तिथून पुढं मला काहीच ठाऊक नव्हतं. तिथून पुढं मी त्यांची तोंडं बघितली. निळा उजेड त्यांच्या तोंडांवर वाढायचा, कमी व्हायचा. वहिनीचा हात ताटातच राहिला होता. दादाचं तोंड उघडं पडलं होतं. समोरच्या भिंतीवर आजोबांचा फोटो होता, त्याच्या काचेत टीव्हीचा उजेड हलत होता, पण काच जुनी, पुसट, आजोबांच्या मिशीवर नुसता एक पांढरा डाग नाचत होता. मी मान वाकडी करून, टाचा उंच करून त्या डागात बाई शोधत होते. शब्द ऐकावेत तर काशाबाईचं चालूच होतं. "हे काय हाय वो? हे कोण? हे आधीचंच हाय का दुसरं?" बाई काहीतरी महत्त्वाचं बोलायची आणि तिच्यावर काशाबाई. बाई थांबली की लेकरू.

मग शेवट आला. तो शेवट आहे हे मला त्यांच्या तोंडांवरून कळलं. सगळी एकदम शांत झाली. काशाबाईसुद्धा. आणि टीव्हीतून आवाज आला, टक, टक, टक. लाकडी दारावरचा. यानाचं दार लोखंडाचं होतं, त्याचा आवाज वेगळा होता. हा लाकडाचा होता. त्यानंतर बराच वेळ काही नाही. आत्याची माळ एका मण्यावर थांबलेली मी बघितली. आईनं पदर तोंडाला लावला. मग कडी निघाली. कडी खाली पडून दारावर आपटते तो आवाज. आणि कोणीतरी एक शब्द बोललं, एकच, हळू. तेवढ्यात काशाबाई म्हणाली, "अगं माय." तो शब्द गेला.

बाजा वाजला, दादानं घोंगडी काढली, माणसं डोळे चोळत उठली. मी खिडकीतून ज्याला त्याला विचारत सुटले. कडी कोणी काढली?

"कंची कडी?" दादा म्हणाला. "शेवटी लई उजेड होतो अन् खतम."

आई म्हणाली, "मला रडू आलं बाई. कशाचं ते आता सांगता येत न्हाई."

आत्या म्हणाली, "आली ती घरी. बाया जातात कुठं? घरीच येतात." पण पुढं काय झालं म्हटलं तर तिला देवापुढं दिवा लावायचा होता.

वहिनी मात्र खिडकीशी आली. म्हणाली, "सांगून कळणार न्हाई तुला. ते बघायचंच हाय. उद्या पहाटे तू डोक्यावरून पाणी घे, लगेच लावू. तुझे दादा दहाच्या बसनं जाणार हायत, तवर होतंय सगळं." मी तिचा हात धरणार होते, तर ती मागं सरकली. मीही विसरलेच होते.

पहाटे मी उठले, न्हाणीत गेले, पाणी तापायचीसुद्धा वाट बघितली नाही. केसांतून पाणी गळत असतानाच माजघरात आले. टीव्हीवर वहिनीनं विणलेला पांढरा रुमाल घातला होता. त्याच्या शेजारी जिथं यंत्र होतं तिथं नुसती तार लोंबत होती. गावातली एक जीप हदगावला निघाली होती, तिच्यात दादाला जागा मिळाली. एवढं जड यंत्र घेऊन बसमध्ये उभं राहण्यापेक्षा बरं, म्हणून तो गेला.

"मी म्हणलं होतं त्यांला," वहिनी म्हणाली. "ते म्हणले, पिक्चर काय पळून जातं का?"

मी केस पिळले आणि चुलीपाशी बसले. आत्यानं जाताजाता म्हटलं, "ओल्या केसांनी बसू नको, लग्न तोंडावर आलंय, आजारी पडशील." तिचं बोलणं मायेचंच होतं. तेव्हाही मला ते कळत होतं, आणि तरीही ते ऐकून माझे दात एकमेकांवर घासले.

लग्न होऊन मी लातूरला आले. सासरी टीव्ही होता. पहिल्या संक्रांतीला दिरांनी व्हिडिओ आणला. त्यांनी तो जोडला आणि अँटेनाची तार तशीच बाजूला लोंबत ठेवली. मी न राहवून जाऊबाईंना विचारलं, तार न जोडता चित्र कसं येईल? दीर हसले. म्हणाले, "वहिनी, कॅसेटला अँटेना कशाला? ते काय दिल्लीहून येतं का?" सगळ्यांबरोबर मीही हसले. मग आत गेले आणि तिळाच्या वड्या थापताना लाटणं एवढं दाबलं की पोळपाट उलटला. म्हणजे तार काढून ठेवली असती तर टीव्ही कुठंही फिरला असता. दारात आला असता, पडवीत आला असता. देव्हारा, आत्या, विटाळ सगळं जिथल्या तिथं राहून मला पिक्चर दिसलं असतं. आमच्या घरात अर्धी गल्ली बसलेली होती आणि त्यातल्या एकालाही ही गोष्ट ठाऊक नव्हती. मलाही नव्हती. अजूनही कधी हात मोकळा असला की मी मनातल्या मनात ती तार उपसते.

लातूरला आमच्या रस्त्यावर व्हिडिओचं दुकान होतं. बाहेर चित्रं लावलेली असायची. मी भाजी आणायला जाता-येता बघायचे, आत जाऊन विचारणं मला जमलं नाही. आत सगळी गडीमाणसं. एकदा ह्यांना सांगितलं. ह्यांनी मोठ्या हौसेनं कॅसेट आणली, लावली, तर त्यात यानं होती पण बाई नव्हती, दोन तास नुसती मारामारी. "यानाचंच म्हणलीस ना?" ते म्हणाले. म्हटलं, हाव, हेच. पुन्हा कुठं पाठवायचं त्यांना? पुढं ते दुकान बंद झालं, तिथं मोबाइलचं झालं.

गेल्या महिन्यात माझा मुलगा महेश एक पार्सल घेऊन आला. त्याला जुन्या पिक्चरचा नाद आहे, डिस्का गोळा करतो, त्यासाठी वेगळं यंत्रही घेतलं आहे. मी त्याला लहानपणी भाकरी चारताना त्या बाईची अर्धी गोष्ट सांगायचे. त्यानं ती डोक्यात ठेवली होती. म्हणाला, "आई, तुझं यानाचं पिक्चर. आता लई लोक त्याच्या मागं हायत. सगळं नव्यानं साफ करून काढलंय."

मी जेवणं उरकली, ओटा पुसला, हात कोरडे केले आणि टीव्हीच्या बरोबर समोर खुर्ची ओढून बसले. मध्ये कोणी नव्हतं. सुनेनं पंखासुद्धा बारीक केला. पहिला अर्धा भाग नांदेडला बघितला तसाच, उलट अधिक चांगला. त्या मुलीच्या पाटाला एक पाय आखूड होता, हे मला तेव्हा दिसलंच नव्हतं. यानाचं दार लागलं. मध्यांतर आलं नाही. मी खुर्चीचा दांडा धरून ठेवला. पुढचं सगळं बघितलं, निळ्या उजेडात त्या दिवशी ज्याला सगळ्यांनी आ वासला होता ते बघितलं. मग यान एका मोठ्या उजेडाजवळ गेलं, बाईनं डोळे मिटले, चांदण्या दिसल्या. आवाज बंद. नावं सुरू झाली.

मी म्हटलं, "पुढं?"

"झालं की."

"टकटक कुठाय?"

"कोणती?"

"शेवटची. लाकडी दारावरची. मग कडी निघते. मग कोणीतरी एक शब्द बोलतं."

महेशनं मला समजावून सांगितलं. पिक्चर काढणाऱ्याच्या मनात हाच शेवट होता. पैसे लावणाऱ्याला तो पटला नाही, म्हणून त्यानं जबरदस्तीनं दुसरा जोडला होता, तोच टॉकीजला आणि कॅसेटवर होता. आता नव्यानं काढताना तो काढून टाकला आणि मूळचा लावला. "हाच खरा हाय, आई."

"मग मी ऐकलं ते काय खोटं होतं?"

"खोटं न्हाई. पण तो शेवट आता मिळत न्हाई. त्याचं रीळ खराब झालं म्हणतात. जुन्या कॅसेटा कोणाकडं राहिल्या असतील तर." तो उगाच मोबाइलवर शोधू लागला. मी म्हटलं, राहू दे. सुनेनं चहा ठेवला. सगळं घर माझ्याशी एवढं हळू बोलायला लागलं की मला जास्तच राग आला. कोणावर ते मात्र कळेना. दारावर वाजवणारी बाई मला पटत होती की नाही हासुद्धा प्रश्न नव्हता. मला फक्त बघायचं होतं, कडी कोण काढतं.

दुसऱ्या दिवशी मी माहेरी फोन लावला. आई, आप्पा, आत्या कधीच गेले. काशाबाई गेली. दादाला आता ऐकू कमी येतं, त्याला व्हिडिओ म्हटलं तर त्याला नातवाच्या लग्नाचा व्हिडिओ आठवला. मग वहिनीनं फोन घेतला. मी तिला सगळं नीट आठवण करून दिलं. गोधडीतलं यंत्र, सुशीला, काशाबाई, टक टक टक. म्हटलं, "वहिनी, तेवढं सांगा. दार उघडल्यावर आत कोण होतं?"

वहिनी म्हणाली, "आता काय सांगू, कमल. दार उघडलं एवढं आठवतंय. पण मला कामून विचारून राहिली? तू व्हतीस की माझ्याजवळ."

"मी पडवीत होते, वहिनी. खिडकीच्या बाहेर."

"न्हाई गं. माझ्या मांडीला मांडी लावून बसली व्हतीस. शेवटी माझा हात धरला व्हतास, एवढा घट्ट की बांगडी पिचली. मला चांगलं आठवतंय."

मी तिला पुन्हा सांगितलं. बारदान, जर्मनचं ताट, तार पुरत नव्हती ते. ती प्रेमानं ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "असंल बाई. पण तू व्हतीस."

फोन ठेवला. महेश दारात उभा होता. "काय म्हणाली मामी?"

"ती म्हणते," मी म्हटलं, "मी बघितलंय."